परदेशी, हबशी आणि उपरी

अहमदनगरहून (आजच्या अहिल्यानगरहून) करमाळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सीना आणि भीमा या दोन नद्यांच्या दरम्यान पसरलेल्या अवर्षणप्रवण पठारावर, कर्जत तालुक्यातील मिरजगाव वसलेले आहे. निजामशाहीच्या अमदानीत अहमदनगर ही राजधानी आणि परांडा हा तिचा एक भक्कम आधार. या दोहोंच्या मधला हा सारा टापू असल्यामुळे राज्याच्या उत्कर्षापकर्षाचे पडसाद येथील खेड्यापाड्यांवर उमटल्यावाचून राहणे शक्यच नव्हते. त्या काळी या मुलखात दोन तऱ्हांचे परके वावरत असत. एक दरबारचा परका : इराण, खुरासान, तुर्कस्तान, अरबस्तान अथवा हबसाण येथून समुद्र ओलांडून आलेला, सुलतानाच्या कृपेने वजीर, अमीर, हकीम किंवा तोफा ओतणारा कारागीर झालेला. दुसरा गावचा परका : दुष्काळाने, परचक्राने किंवा भाऊबंदकीने आपले वतन सोडून, बैलजोडी आणि बायकापोरे यांसह दुसऱ्या गावाच्या पांढरीत आसरा शोधणारा कुणबी, ज्याला गावकरी उपरी म्हणत. पहिल्याविषयी तवारिखांची पानेच्या पाने भरलेली आहेत. दुसऱ्याविषयी कोणी तवारीख लिहिली नाही. तरीही मध्ययुगाच्या उत्तरार्धातील दख्खनी समाजाने परक्याला कोणती जागा दिली हे समजून घ्यावयाचे तर या दोघांना एकमेकांशेजारी उभे करूनच पाहिले पाहिजे, कारण त्यांच्या भाग्यातील अंतर हे त्या समाजरचनेचे मर्म उघड करून दाखविणारे आहे.

योगायोग असा की या दोन परक्यांची गाठ एका प्रसंगी प्रत्यक्ष पडलेली दिसते. चौदाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेला आणि लोकपरंपरेने बारा वर्षांचा मानलेला दुर्गादेवीचा दुष्काळ सरला तेव्हा महाराष्ट्रातील किती तरी गावे ओस पडली होती, शिवा पुसून गेल्या होत्या, आणि जुने वतनदार एक तर मेले होते किंवा परागंदा झाले होते. बहमनी सत्तेने १४२९ च्या सुमारास मलिक-उत्-तुज्जार या किताबाच्या सरदाराला या मुलखाची घडी बसविण्यासाठी पाठविले, आणि वसाहतीची प्रत्यक्ष व्यवस्था दादू नरसू काळे नावाचा ब्राह्मण कारभारी व दरबारातील एक तुर्की खोजा यांच्याकडे सोपविली, अशी हकीकत ग्रँट डफने आपल्या मराठ्यांच्या इतिहासात नमूद केली आहे. ओस गावांच्या शिवा नव्याने आखल्या गेल्या, कित्येक ठिकाणी दोन-तीन गावांचे मिळून एक गाव झाले, आणि जो कोणी येऊन नांगर धरील त्याला पहिल्या वर्षी सारा माफ, दुसऱ्या वर्षी बिघ्यामागे फक्त तोबराभर धान्य, असा कौल देण्यात आला. घोड्याच्या तोंडाला बांधावयाचा तोबरा हे सरकारी माप ठरावे, यावरूनच मुलूख किती उजाड झाला असेल याची कल्पना येते. हा मलिक-उत्-तुज्जार म्हणजे खलफ हसन, बसऱ्याहून आलेला व्यापारी. स्वतः परमुलखातून आलेल्या गृहस्थाने, एका तुर्काच्या आणि एका ब्राह्मणाच्या हातून, घरदार सुटलेल्या कुणब्यांना परक्या गावांत वसवावे, असा हा प्रसंग आहे. आणि पंधराव्या शतकातील दख्खनचे इतके बोलके चित्र मला दुसरे आढळलेले नाही.

अशा रीतीने आलेल्या उपऱ्याचे गावातील स्थान मात्र बेताचेच असे. गावची खरी मालकी मिरासदारांची, म्हणजे थळकऱ्यांची. जमीन त्यांची वंशपरंपरेची. सारा भरीत असेपर्यंत ती त्यांच्याकडून कोणी काढून घेऊ शकत नसे. फार काय, कर्त्या पुरुषाने दुष्काळात गाव सोडले आणि अनेक वर्षांनी त्याचा मुलगा परत आला, तरी त्याचा हक्क बुडाला असे गाव सहसा मानीत नसे. गोतसभेत बसण्याचा अधिकार त्यांना, मानपानात वाटा त्यांना, आणि सोयरीक जुळविताना वजनही त्यांनाच. उपरी मात्र वर्षाच्या कराराने अथवा इस्ताव्याच्या कौलाने, म्हणजे पहिल्या वर्षी थोडा आणि पुढे चढत चढत पूर्ण होणारा सारा कबूल करून, जमीन कसणारा. त्याच्यावर गावच्या जुन्या थकबाकीचा आणि मिरासपट्टीसारख्या जादा पट्ट्यांचा बोजा नसे, आणि जाच झाला तर पसारा आवरून दुसऱ्या गावी निघून जाण्याची मोकळीक असे. ओस जमीन अफाट आणि हात थोडे, अशा त्या काळात पाटलाला ही गोष्ट सदैव ध्यानात ठेवावी लागे. परंतु ज्या समाजात माणसाची ओळख त्याच्या वतनावरून होत असे त्यात वतनावाचून असणे हे मोठेच उणेपण होते, आणि सुगीत जमलेल्या चार पैशांतून प्रत्येक उपऱ्याच्या मनात प्रथम कोणती इच्छा उत्पन्न होत असेल, हे सांगावयास नको.

ती इच्छा पुरी होण्याचा रस्ता होता, आणि तो गावाच्या चावडीवरूनच जात असे. ज्या घराण्याचा वंश खुंटला किंवा ज्याचा ठावठिकाणा उरला नाही अशा घराण्याच्या जमिनीला गतकुळी म्हणत. वर्षानुवर्षे गावात राहून, आपल्या वागणुकीने पाटील-कुळकर्ण्यांचा विश्वास संपादन करून, एखादा उपरी चावडीपुढे उभा राहून विनंती करी की आपणास गतकुळीची अमुक जमीन मिरास करून द्यावी. मग पाटील, कुळकर्णी, चौगुला, गावचे मिरासदार आणि बलुतेदार असे समस्त जमत. जमिनीची किंमत ठरे. तिच्या चतुःसीमा, विहीर, झाडे आणि बांध यांचा उच्चार होऊन कुळकर्णी मोडीत मिरासपत्र लिही. ही जमीन तुवा लेकराचे लेकरी खाऊन सुखी राहावे, कोणी भाऊबंद उभा राहिल्यास त्याचे निवारण आम्ही करू, असा त्यातील मजकुराचा थाट असे. शेवटी साक्षी पडत. अक्षरशत्रू पाटील आपल्या नावापुढे नांगर काढी. सुतार, न्हावी, चांभार आपापल्या हत्याराची आकृती काढीत. ज्याच्याकडे काल कोणी पाहुणा म्हणून, तर कोणी संशयाने पाहत होते, त्याच्या हक्काखाली आज गावातील प्रत्येक धंद्याची खूण उमटलेली असे. परक्याला आपला म्हणण्याचा इतका विचारपूर्वक, इतका सार्वजनिक आणि इतका टिकाऊ विधी त्या काळच्या कोणत्याही दरबारापाशी नव्हता, असे माझे स्पष्ट मत आहे.

या व्यवस्थेतील एक तपशील मला नेहमीच हृदयस्पर्शी वाटत आला आहे. नव्या मिरासदाराने जमीन विकत घेतली तरी ती ज्या मूळ घराण्याची असे त्याचेच नाव त्या थळाला पुढेही चालत राही. गतकुळी घराणे नाहीसे होऊन किती का पिढ्या लोटेनात, कागदोपत्री आणि लोकांच्या तोंडी ते थळ त्याचेच, आणि कसणारा दुसरा. गावाने नवागताला सामावून घेतले खरे, पण त्यासाठी गेलेल्याची आठवण पुसू दिली नाही. अर्थात ही उदारता सर्वांच्या वाट्याला येत नसे, हेही स्पष्टपणे सांगितले पाहिजे. कुणब्याला जे दार उघडे होते ते अस्पृश्य मानलेल्या जातीच्या परागंदा माणसाला त्या प्रमाणात उघडे नव्हते. तो गाव बदली, पण त्याची जागा वेशीबाहेरचीच राही.

आता दरबारच्या परक्याकडे वळू. १३४७ मध्ये बहमनी राज्य दिल्लीपासून अलग झाले आणि उत्तरेकडून माणसे येण्याची वाट अरुंद झाली. साहजिकच सुलतानांची दृष्टी समुद्राकडे गेली. फिरोजशहा बहमनीने (१३९७–१४२२) परदेशातील विद्वान आणि गुणी माणसे आणण्यासाठी गोवा व चौल या बंदरांतून जहाजे पाठविण्याचा प्रघात पाडला, असे इतिहासकार फिरिश्ता सांगतो. चौल आणि दाभोळ ही बंदरे घोड्यांबरोबर माणसेही उतरवून घेत. १४६९ मध्ये त्वेर शहराचा रशियन व्यापारी अफनासी निकितिन एक घोडा घेऊन चौलला उतरला आणि घाट चढून जुन्नरला पोहोचला, तेव्हा तेथील सुभेदार असदखानाने त्याचा घोडा हिरावून घेतला आणि इस्लाम स्वीकारला तरच तो परत मिळेल असे बजावले. निकितिनची त्यातून सुटका केली ती एका खुरासानी गृहस्थाने रदबदली करून. एका परक्याला दुसरा परकाच उपयोगी पडला. दख्खनमध्ये सत्ता खुरासानींच्या हाती आहे, ही निकितिनची नोंद त्या काळच्या परिस्थितीशी जुळणारी आहे.

त्या वेळी बिदरला वजिरी करीत होता तो महमूद गवान, इराणच्या गिलान प्रांतातून १४५३ च्या सुमारास व्यापारासाठी दाभोळला उतरलेला. राज्याचे चार तरफ, म्हणजे प्रांत, होते त्यांचे आठ करून सुभेदारांची सत्ता त्याने मर्यादित केली, जमिनीच्या मोजणीला हात घातला, आणि १४७२ मध्ये बिदरला जो मदरसा बांधला त्याचे भग्न पण भव्य अवशेष आजही पाहावयास मिळतात. इतके करूनही त्याचे आयुष्य एका बनावट पत्रावर संपले. त्याच्या शिक्क्याचा कोरा कागद मिळवून विरोधकांनी त्यावर ओरिसाच्या गजपतीला उद्देशून फितुरीचा मजकूर लिहिला, आणि मद्यधुंद सुलतानाने ५ एप्रिल १४८१ रोजी सत्तरीच्या घरातल्या या वजिराचा शिरच्छेद करविला. त्याच्या मागे त्याची बाजू घेऊन उभे राहील असे गोत नव्हते. त्याचे सारे स्थान एका माणसाच्या मर्जीवर उभे होते, ती मर्जी एका रात्रीत फिरली, आणि सर्व काही आटोपले.

हे एकट्या गवानाचेच दुर्दैव नव्हते. बहमनी दरबारात दख्खनी आणि आफाकी असे दोन तट पडले होते. दख्खनी म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या येथेच राहिलेले मुसलमान आणि त्यांच्या बाजूचे हबशी, तर आफाकी म्हणजे नव्याने आलेले इराणी, तुर्क व अरब. ज्या खलफ हसनच्या कारकिर्दीत ओस गावे वसली, तोच १४४७ च्या सुमारास कोकणच्या मोहिमेत, खेळणा किल्ल्याच्या वाटेवरील दाट अरण्यात, शिर्के सरदाराच्या डावपेचाला बळी पडून सैन्यासह मारला गेला. जे वाचले ते चाकणच्या गढीत आले. दख्खनी सरदारांनी त्यांच्याविरुद्ध सुलतानाचे कान भरले, अभय देऊन त्यांना बाहेर काढले, मेजवानीला बोलाविले आणि कापून काढले. फिरिश्ता स्वतः परदेशी असल्यामुळे त्याच्या वर्णनात पक्षपाताचा अंश असणारच, परंतु संहार झाला यात संशय नाही. ज्यांचे पूर्वज दोन-तीन पिढ्यांपूर्वी बाहेरून आले होते त्यांनीच काल आलेल्यांना परके म्हणून मारावे, यातील क्रौर्य मनाला विषण्ण करते.

अशी वृत्ती काही दख्खनचीच मिरास नव्हती. १३८१ मध्ये इंग्लंडात शेतकऱ्यांचे बंड झाले तेव्हा लंडनच्या रस्त्यांत फ्लँडर्सहून आलेल्या विणकरांना व व्यापाऱ्यांना शोधून शोधून ठार करण्यात आले. पुढे १४४० मध्ये इंग्लंडच्या पार्लमेंटने परदेशी रहिवाशांवर खास कर बसविला : घरवाल्याला वर्षाला सोळा पेन्स, बिऱ्हाडकरूला सहा. राजाकडून सनद मिळविणाऱ्या परदेश्याला जमीन धारण करता येई. स्वतःचे घर असलेला आणि नसलेला असा भेद तेथील कायद्यालाही करावासा वाटला, हे मिरासदार आणि उपरी यांचा संबंध जाणणाऱ्या वाचकाच्या सहज ध्यानात येईल. फरक एवढाच की तेथे परक्याला आपला करणारी सनद राजा देई. येथे ती गाव देई.

गवानाविरुद्धच्या कटाचा सूत्रधार मलिक हसन निजाम-उल्-मुल्क बहिरी. फिरिश्त्याच्या म्हणण्याप्रमाणे तो जन्माने विजयनगरच्या मुलखातला ब्राह्मण, पकडून बिदरला आणलेला आणि मुसलमान झालेला. त्याच्या घराण्याचे मूळ पाथरीच्या कुळकर्णाशी भिडते. त्याचा मुलगा मलिक अहमद याने १४९० मध्ये भिंगारपाशी बहमनी फौजेचा पराभव करून स्वातंत्र्य पुकारले आणि १४९४ मध्ये अहमदनगर वसविले. नगरचे राज्य असे दख्खनी पक्षातून जन्मले, तथापि परदेशी माणसांवाचून त्याचेही भागले नाही. दुसरा सुलतान बुरहान याने इराणातून परागंदा झालेल्या शाह ताहिराच्या उपदेशाने शिया पंथ स्वीकारला. मुहंमद बिन हसन रूमी या तुर्की कारागिराने १५४९ मध्ये नगरला मलिक-ए-मैदान ही प्रचंड तोफ ओतली. ती पुढे परांड्याला गेली आणि तेथून १६३२ मध्ये विजापूरला. याच बुरहानाच्या औषधोपचारासाठी गोव्याहून गार्सिया द ओर्ता नावाचा पोर्तुगीज वैद्य येत असे. तो मूळच्या यहुदी, बळाने ख्रिस्ती केलेल्या घराण्यातला. १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या त्याच्या ग्रंथात हिंदुस्थानातील वनौषधींबरोबर निजामशहाच्या आठवणीही आल्या आहेत. नगरच्या दरबाराने त्याला सन्मान दिला, आणि त्याच्या मृत्यूनंतर, १५८० मध्ये, गोव्याच्या धर्मन्यायसभेने गुप्तपणे यहुदी धर्म पाळल्याच्या आरोपावरून त्याची हाडे उकरून जाळली. परकेपण माणसाला कधी कधी स्वकीयांतच भोगावे लागते.

पण दरबाराचा सन्मान हा कायमचा नव्हता, याचा प्रत्यय १५८९ मध्ये नगरात पुन्हा आला. मिर्झाखान या परदेशी सरदाराने सुलतान मीरान हुसेनला ठार करताच दख्खनी पक्षाचा पुढारी जमालखान उठला, आणि शहरातील परदेश्यांची सर्रास कत्तल झाली. अस्त्राबादेत जन्मून लहानपणी बापाबरोबर नगरला आलेला मुहंमद कासिम फिरिश्ता त्याच वर्षी विजापूरला निघून गेला. आपण ज्याच्या आधारे हा इतिहास सांगतो तो ग्रंथ, असा, एका निर्वासिताच्या लेखणीतून उतरलेला आहे.

या सर्वांत निराळा ठरला मलिक अंबर. सोळाव्या शतकाच्या मध्यास हबसाणात जन्मलेला, गुलाम म्हणून मोखा आणि बगदादच्या बाजारांतून हातोहात विकला गेलेला हा मुलगा निजामशाहीच्या चंगीझखान पेशव्याने विकत घेतला. धन्याच्या मृत्यूनंतर तो स्वतंत्र झाला, काही काळ विजापूरच्या चाकरीत राहिला, आणि नगरला परतला तो राज्य बुडत असताना. १६०० मध्ये नगरचा किल्ला मोगलांनी घेतल्यावर त्याने परांड्याला मुर्तजा या राजपुत्राला गादीवर बसविले, आपली मुलगी त्याला दिली, आणि पुढे पाव शतक हे राज्य आपल्या खांद्यावर तोलून धरले. १६१० च्या सुमारास त्याने वसविलेले खडकी म्हणजेच पुढचे औरंगाबाद. १६२४ मध्ये नगरच्या पूर्वेस भातवडी येथे मोगल आणि विजापूरकर यांच्या संयुक्त फौजेचा त्याने जो दारुण पराभव केला त्यात तलावाचा बांध फोडून शत्रूच्या गोटात चिखल माजविण्याची युक्ती होती, शहाजीराजांची तलवार होती, आणि त्यांचे बंधू शरीफजी यांचे बलिदान होते. नेवाशाच्या कवींद्र परमानंदाने शिवभारतात या युद्धाला स्थान दिले आहे.

गवान आणि अंबर या दोघांत अधिक विद्वान गवान, यात शंका नाही. परंतु भूमीत मुळे रुजविण्याची कला अंबरालाच साधली होती. त्याने इजाऱ्याची, म्हणजे सारावसुली मक्त्याने देण्याची, पद्धत बंद केली, जमिनीची प्रत आणि प्रत्यक्ष पीक पाहून धारा ठरविला, पाटील-कुळकर्ण्यांचे हक्क कायम करून वसुलीची जबाबदारी गावावर ठेवली, आणि मिरासीच्या हक्काला बळकटी आणली, असे नंतरच्या इंग्रज अधिकाऱ्यांनी आपल्या अहवालांत लिहून ठेवले आहे. मराठे बारगीर त्याच्या फौजेचा कणा होते. दरबारातल्या तटांवर त्याने भिस्त ठेवली नाही. ज्या गावांतून धान्य आणि घोडेस्वार येत त्या गावांशी त्याने राज्य जोडले. जहांगीर त्याचा उल्लेख शिवीवाचून करीत नसे, तरी १६२६ मध्ये तो वारला तेव्हा मोगल दरबारच्याच बखरनविसाला त्याची थोरवी कबूल करावी लागली. लढाईत नव्हे, म्हातारपणी तो मेला आणि खुलदाबादेत पुरला गेला. बड्या परदेशी वजिरांपैकी फारच थोड्यांना असे मरण लाभले.

या मातीत रुजण्याचे आणखीही मार्ग होते, आणि त्यांपैकी सर्वांत मृदू मार्ग भाषेचा. कर्जतच्या शेजारच्या श्रीगोंद्यात राहून शेख महंमद यांनी योगसंग्राम हा ग्रंथ मराठीत रचला. भोसले घराण्याने त्यांना गुरुस्थानी मानल्याची परंपरा आहे. नगरच्या शाह शरीफ पिराला केलेल्या नवसावरून मालोजींच्या पुत्रांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवली गेली, हेही सर्वश्रुत आहे. दरबारात दख्खनी आणि आफाकी एकमेकांच्या जिवावर उठत असताना खेड्यांत आणि कसब्यांत हे चालले होते.

अंबराच्या मृत्यूनंतर चारच वर्षांनी, १६३० ते १६३२ या काळात, महादुष्काळ पडला. १६३६ मध्ये निजामशाही संपली. आणि भीमा-सीनेच्या काठची गावे पुन्हा एकदा ओस झाली, पुन्हा एकदा कौल निघाले, पुन्हा एकदा उपरी आले. आज या तालुक्यांत स्वतःला मूळचे म्हणविणाऱ्या घराण्यांपैकी कित्येकांचा पूर्वज अशाच एखाद्या कौलावर आलेला उपरी असला पाहिजे, असे मला खात्रीपूर्वक वाटते. आणि त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. फिरिश्ता किंवा बुरहान-ए-मआसिर लिहिणारा सय्यद अली तबातबा हे स्वतः परदेशी होते म्हणून परदेशी वजिरांचा इतिहास लिहिला गेला. उपऱ्यांचा इतिहास मात्र अजूनही घरोघरच्या रुमालांत, मोडी कागदांच्या घड्यांत पडून आहे. मिरजगाव आणि परिसरातील ज्या पाटील, कुळकर्णी किंवा शेतकरी घराण्यांच्या माळ्यावर असे रुमाल असतील त्यांना माझी कळकळीची विनंती आहे की त्यांनी ते वाळवीच्या स्वाधीन करू नयेत, रद्दीत घालू नयेत. मोडीच्या जाणकाराकडून ते वाचून घ्यावेत, आणि त्यांच्या नकला अहिल्यानगरच्या इतिहास संग्रहालयात अथवा पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात द्याव्यात.